नवऱ्याने सोडलंय, दोन मुलं पदरात आहेत. 'निराधार'चे पैसे घेतले तर लोक नावं ठेवतात, मग अर्ज करावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपासून माहेरी आहात, कोर्टात काहीच केलेलं नाही. भाऊ म्हणतो, 'आपल्या घरातली बाई निराधार म्हणून तहसीलला उभी राहिली तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही.' शेजारणी म्हणतात, 'फुकटचं खायची सवय लागते.'

अर्ज करा. लोक नावं ठेवतील का? ठेवतील. अर्ज नाही केला तरी ठेवतील.

तहसील कचेरीत संगायोच्या, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या, टेबलावर मी अकरा वर्षं या फायली हाताळल्या. लोकांच्या तोंडाची तुमची भीती मला वेगळ्या कारणाने खरी वाटते. गावातली कुजबुज ओट्यावर राहत नाही. ती तलाठ्याच्या चौकशी अहवालात शिरते, तिथून अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे जाते आणि फाईलवर शेरा होऊन बसते. म्हणून फाईल अशी बांधायची की ती कुणाच्या बोलण्यावर अडता कामा नये. प्रत्येक गोष्टीला कागद हवा.

पहिला घोळ होतो तो प्रवर्गाचा. 'घटस्फोटाचा हुकूम आणा, मग बघू' असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते चूक आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि घटस्फोटित बाईबरोबर घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली आणि परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेली, बाईही बसते. तुम्ही परित्यक्ता म्हणून अर्ज करायचा. त्यासाठी गावपातळीवरून, म्हणजे ग्रामसेवक आणि तलाठ्याकडून, तसा दाखला लागतो. (दोघांची पदनामं २०२४ मध्ये बदलली आहेत, पण गावात अजून हेच शब्द चालतात.) दाखल्यात 'सध्या माहेरी राहते' एवढंच लिहिलेलं चालत नाही. माहेरी तर बाळंतपणालाही बाई राहते. 'पतीने अमुक सालापासून सोडले आहे, नांदवत नाही, उदरनिर्वाहासाठी काहीही देत नाही' हे तिन्ही मुद्दे त्यात आले पाहिजेत. पोलिसांत कधी अर्ज दिला असेल, महिला समुपदेशन केंद्रात गेला असाल, वकिलाची नोटीस असेल, तर त्याची प्रत जोडा. मुलांच्या शाळेचा दाखला तुमच्या माहेरच्या गावचा असेल तर तोही जोडा. मुलं चार वर्षं या गावच्या शाळेत आहेत, यापेक्षा मोठा पुरावा शेजारीण देऊ शकत नाही.

दुसरी अडचण उत्पन्नाची. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. बाई ६८ दिवस मातीकामावर गेली की ही मर्यादा संपली. सरकारच्याच कामावर शंभर दिवस भरले तर सरकारच्याच हिशेबाने ती निराधार उरत नाही. ही मर्यादा अन्यायाची आहे. तिच्यात बसण्यासाठी कित्येकदा दाखले ओढूनताणून काढले जातात आणि मग 'खोटा दाखला घेतला' म्हणून बोट मात्र बाईकडे दाखवलं जातं.

तुमच्या बाबतीत खरा धोका भावाच्या उत्पन्नाचा आहे. तुमचं नाव वडिलांच्या किंवा भावाच्या शिधापत्रिकेवर असेल तर घरातली सगळी शेती, सगळी मजुरी तुमच्या खात्यात धरली जाईल आणि दाखला लाखाच्या घरात जाईल. म्हणून आधी पुरवठा शाखेत विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज द्या. त्यावर तुम्ही आणि दोन मुलं, एवढीच नावं. सासरच्या कार्डावर नाव अडकलं असेल आणि नवरा ते कमी करून देत नसेल, तर तसं प्रतिज्ञापत्र करून पुरवठा शाखेतच लेखी मागा. नव्या कार्डाच्या आधारे सेवा केंद्रातून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा उतारा जोडा. पण ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची आहे, नंतर लग्न झालेल्या बाईचं नाव त्यात असलंच तर वडिलांच्या घरात सापडतं. तेवढ्यावर विसंबू नका. राज्यात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा पुरावाही लागतो.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते सांगतो. एका बाईची फाईल होती. नवरा सोडून गेलेला, एक मुलगा, घरी ब्लाऊज शिवायची. अनुदान तेव्हा महिना ६०० रुपये होतं. कागद सगळे बरोबर होते. गृहचौकशीत शेजाऱ्यांनी सांगितलं, 'शिलाई मशीन आहे, मुलगा इंग्रजी शाळेत जातो, बाई नीटनेटकी राहते.' अहवालात शेरा आला: 'राहणीमान चांगले.' समितीच्या बैठकीत एका सदस्याने तिच्याकडे बघून विचारलं, 'गळ्यात मंगळसूत्र आहे, मग सोडलेली कशी? अंगावर चांगली साडी, मग निराधार कशी?' फाईल बाजूला ठेवली गेली.

ती मशीन जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या अनुदानातून मिळालेली होती. म्हणजे गरीब म्हणून एका खात्याने दिलेली वस्तू दुसऱ्या खात्याने ती गरीब नसल्याचा पुरावा धरली. शाळेची फी मामा भरत होता. मंगळसूत्र ती काढत नव्हती, कारण काढलं असतं तर त्याच गावाने तिला वेगळं नाव दिलं असतं. विधवेचं मंगळसूत्र तोडायचं आणि सोडलेलीच्या गळ्यात दिसलं तर तिला खोटी ठरवायची! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्याने तसं परिपत्रक काढलं, ते योग्यच झालं. पण कचेरीच्या बाकावर बाईचा गळा बघून ती गरीब आहे का हे ठरवणं थांबलेलं नाही.

त्या बाईने एक गोष्ट बरोबर केली. तोंडी 'नाही' ऐकून ती परत गेली नाही, नामंजुरीचं कारण लेखी मागितलं. 'राहणीमान चांगले' हे कारण कागदावर लिहायला कोणी तयार होईना, कारण योजनेच्या निकषात साडी कुठेच नाही, निकषात उत्पन्न आहे. मग तिने मशीन मिळाल्याचा जिल्हा परिषदेचा कागद, फीच्या पावत्यांवर मामाचं नाव आणि पुन्हा काढलेला उत्पन्नाचा दाखला जोडून त्रुटीपूर्तता दिली. पुढच्या बैठकीत मंजुरी झाली. मधल्या पाच महिन्यांचे ३,००० रुपये तिला कधीच मिळाले नाहीत.

त्या सदस्याशी माझा वाद तेव्हा जुंपला आणि तो आजही मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं होतं की खरी गरजू बाई दिसताच कळते. मी म्हणतो, दिसण्यावरून कळतं असं मानणारा माणूस त्या टेबलाशी बसायला नालायक आहे. फाटकी साडी नेसून, मुलांना शाळेतून काढून यायला लावणारी योजना असूच नये. आणि आता तर हिशेब बघा. संजय गांधीची रक्कम २०२३ पासून १,५०० आहे. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली, तिची रक्कमही १,५००, आणि तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. तुमच्या शेजारणींपैकी किती जणींच्या खात्यात ते पैसे येतात? येऊ द्यात, तो त्यांचा हक्क आहे. पण अडीच लाखांच्या आतली बाई 'बहीण' आणि २१,००० च्या आतली 'फुकटखाऊ', हे त्यांनी तुम्हाला सांगू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सर्वांत मोठी रक्कम दुसरीकडेच आहे. बालसंगोपन योजना (आता तिच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आहे) मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देते. दोघांचे ४,५००. ती एकच पालक सांभाळत असलेल्या, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे आणि मृत्यूबरोबर घटस्फोट, परित्याग ही कारणंही त्यात धरली जातात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो, हुकूम बालकल्याण समिती काढते. बोनाफाईड, आधार, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, पासबुक आणि घरासमोर तुमचा मुलांसोबतचा फोटो लागतो. समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं, त्या दिवशी शाळेची परीक्षा नाही ना हे आधी बघा. पैसे दरमहा येत नाहीत, कधी अनेक महिन्यांचे एकदम येतात. त्यावर किराणा उधार घेऊ नका.

पैसे मंजूर होऊनही न येण्याचं कारण बहुतेक वेळा बँक असते. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि आधारचं सीडिंग (जोडणी) शेवटचं ज्या बँकेत झालं तेच खातं धरलं जातं. लग्नानंतर सासरच्या गावच्या बँकेत उघडलेलं खातं, ज्याचं एटीएम नवऱ्याकडे आहे, त्यातच पैसे पडत राहतात. नव्या बँकेत नुसतं खातं उघडून भागत नाही, सीडिंगचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. आधारवर सासरचं आडनाव आणि पासबुकावर माहेरचं असेल तर तेही आधी एक करून घ्या. मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला चुकवू नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लाडकी बहीण तुम्हाला चालू असेल तर संजय गांधीचे १,५०० वेगळे मिळणार नाहीत, दोन्ही एकत्र चालत नाहीत. तसं असेल तर आधी बालसंगोपनाच्या मागे लागा. आणि पोटगी मागितली की अनुदान जातं ही समजूत खोटी आहे. मिळणारी पोटगी योजनेच्या उत्पन्नमर्यादेखाली असेल तर अनुदान चालू राहतं. पोटगीचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, पूर्वीचं १२५. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार ती अर्जाच्या तारखेपासून धरायची असते, म्हणून चार वर्षं थांबलात त्याला पाचवं जोडू नका.

भावाबद्दल. त्याला कमीपणा वाटत असेल तर वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, की हक्कसोडीवर सही घेतली गेली, हे त्याला शांतपणे विचारा. नाव असेल तर तलाठी त्या हिश्श्याचं उत्पन्न धरतील, तो आकडा दाखला काढण्याआधीच तलाठ्याशी बोलून घ्या.

सोमवारी पुरवठा शाखेत जा. मुलांचे आधार, शाळेचे दाखले आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. अर्ज दिला की तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.