बिब्बा घालणे: औषधाच्या नावाला वाईट अर्थ कसा चिकटला?

प्रश्न असा आहे: "आजी म्हणायची, 'लग्न अगदी जमत आलं होतं, मध्येच मामानं बिब्बा घातला.' पण तीच आजी बिब्बे डब्यात जपून ठेवायची, पायात काटा मोडला की तेच काढायची, बाळाच्या पाळण्यालाही बांधायची. इतक्या कामाच्या वस्तूवरून 'बिब्बा घालणे' म्हणजे बिघडवणे असं का म्हणतात? कुणी म्हणतं, परटाच्या डागावरून ते आलं. खरं काय? आणि शब्द बिबा, बिबवा की बिब्बा?"

शेवटचं आधी सांगतो. तिन्ही रूपं मराठीच आहेत. वाक्प्रचारात हल्ली 'बिब्बा' जास्त ऐकू येतो, तर 'बिबवा' पुण्याच्या बिबवेवाडीच्या नावात टिकून आहे. मात्र 'बिबळा' हे वेगळंच झाड, त्याची इथे गल्लत करू नये. संस्कृतातला 'भल्लातक' आणि हिंदीतला 'भिलावा' म्हणजे आपला बिब्बाच.

आता वस्तू पाहू, कारण ती पाहिल्याशिवाय हा वाक्प्रचार उलगडत नाही. पानझडीच्या रानात वाढणारं, मोठाल्या पानांचं हे झाड आंबा आणि काजूच्या कुळातलं आहे. फळाचे दोन भाग असतात. वर नारिंगी-पिवळा मांसल भाग आणि त्याच्या टोकाला काळं, चपटं, गुळगुळीत बी. हे काळं बी म्हणजे बिब्बा. वरचा मांसल भाग सुकवून खातात आणि त्याला 'बिब्ब्याचं फूल' म्हणतात, पण ते फूल नव्हे. काजूच्या बोंडासारखाच तो फुगलेला देठ असतो. बी फोडलं की आत पांढरा गर मिळतो, ती गोडंबी. डिंकाच्या लाडवात घालतात ती हीच. या दोन खाण्याजोग्या भागांच्या मधे, बियाच्या कवचात, काळं जळजळीत तेल असतं. शब्दाची सगळी गोष्ट त्या तेलात आहे. विदर्भ-मराठवाड्यात बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात, तेव्हा ते तेल उडून हातातोंडावर फोड येतात, बोटं काळी पडतात. आपण लाडवातली गोडंबी सहज चावतो, त्यामागे हे सोसणं असतं.

'बिब्बा घालणे' ही मुळात प्रत्यक्ष करायची क्रिया होती, वाक्प्रचार नंतरचा. पाय मुरगळला, टाचेला भेगा पडल्या, काटा खोल मोडला की जाणती बाई सुई किंवा दाभण बिब्ब्यात खुपसायची आणि दिव्याच्या ज्योतीवर धरायची. तेल सुटलं की नेमक्या जागी त्याचा ठिपका द्यायची. जुन्या खोकल्यावर तेच तेल थेंबाथेंबानं दुधात पाडून पाजत, आणि तोंडाला आतून आधी तूप लावायला सांगत. माझ्या आजीच्या घरी हे काम एकाच काकूंकडे असायचं. बाकी कुणी डब्याला हात लावायचा नाही. कुणाला घालायचा, किती घालायचा आणि कुणाला मुळीच घालायचा नाही, हे ज्याला कळतं त्यानंच बिब्बा घालावा, असा दंडक होता. (वाचून कुणी घरी करून पाहू नये. याची बाधा फार वाईट होते.)

या बाधेसाठी मराठीत वेगळं क्रियापद आहे: बिब्बा 'उततो'. 'त्याला बिब्बा उतला' म्हणजे तेल लागलेल्या जागी खाज सुटली, सूज आली, पाण्यानं भरलेले फोड उठले. दूध उततं तसंच हे उतणं. आतला जोर मर्यादेत न राहता काठाबाहेर येतो. व्रतकथांमधलं 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' हे वाक्य आठवा, तिथेही उतणं म्हणजे मर्यादा सोडणंच. दूध, माणूस आणि बिब्बा या तिघांना एकच क्रियापद लावणाऱ्या माणसांची नजर किती बारीक होती! सर्वांना बिब्बा सारखा उतत नाही. एखाद्याला थेंब लागला तरी काही होत नाही, दुसऱ्याला नुसता स्पर्श पुरतो. आणि ज्याला उतायचा त्यालाही तो लगेच उतत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी खाज सुरू होते. हा उशीर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संस्कृतातही हेच लक्षण पकडलं आहे. अमरकोशात या झाडाची 'अरुष्कर' आणि 'अग्निमुखी' ही नावं येतात. 'अरुस्' म्हणजे व्रण, म्हणून अरुष्कर म्हणजे व्रण करणारा. चरकसंहितेत रसायनाच्या प्रकरणात भल्लातक तीक्ष्ण आणि अग्नीसारखा म्हटला आहे, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की विधीप्रमाणे वापरला तर तो अमृतासारखा होतो. प्रश्नातल्या आजीच्या वागण्यातली विसंगती वाटते ती इथेच सुटते. वस्तू एकच आहे. योग्य जागी, योग्य हातानं, मोजून घातली तर औषध, आणि नको तिथे पडली तर व्रण.

परटाच्या डागाचा तर्क वाऱ्यावरचा नाही. बिब्ब्याच्या रसानं कपड्यावर खूण करून वर चुना लावला की ती काळी खूण कितीही धुतली तरी जात नाही, आणि धोबी कपडे ओळखण्यासाठी तशा खुणा खरोखरच करत. इंग्रजीतलं 'मार्किंग नट' हे नाव आणि शास्त्रीय नावातला 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचं फळ, ही दोन्ही त्यावरूनच पडली. तरीही वाक्प्रचाराचं मूळ तिथे आहे असं मला वाटत नाही. परटाची खूण उपयोगाची असते, ती मुद्दाम करून घेतात आणि तिनं कपडा बिघडत नाही. वाक्प्रचारात तर नेहमी जमलेलं काही तरी नासतं. शिवाय खूण 'करतात' किंवा 'पाडतात', तर औषधाचा बिब्बा 'घालतात'. क्रियापद औषधाच्या बाजूनं साक्ष देतं. म्हणून माझं मत असं की हा वाक्प्रचार अंगावर घातलेल्या आणि मग उतलेल्या बिब्ब्यातून आला.

याला दुसरा आधार अर्थाच्या छटांमधून मिळतो. काम बिघडवण्यासाठी मराठीत पुष्कळ वाक्प्रचार आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चपखल बसत नाहीत. 'खोडा घालणे' आणि 'मोडता घालणे' यांत काम तिथल्या तिथे अडतं. 'विरजण' पडतं ते उत्साहावर. 'मिठाचा खडा पडणे' यात क्षणात नासतं, आणि खडा टाकणारा कोण ते बहुधा सांगावं लागत नाही. 'बिब्बा घालणे' यात मात्र तीन गोष्टी ठरलेल्या असतात. घालणारा कुणीतरी असतो. घातलेली गोष्ट थेंबाएवढी असते, एखादा शब्द, एखादी कानगोष्ट. आणि परिणाम त्या क्षणी दिसत नाही. मामा बोलून निघून जातो, बैठक हसतखेळत संपते, आणि दोन दिवसांनी मुलीकडच्यांचा निरोप येतो की जमणार नाही. आजीनं म्हणूनच मामानं 'खोडा घातला' म्हटलं नाही. तिनं निवडलेला शब्द अगदी नेमका होता. 'मध्येच' हा शब्दही या वाक्प्रचाराला सतत चिकटून येतो. न मागता, दुखणं नसताना कुणी औषध घातलं, असा त्याचा ध्वनी आहे.

पाळण्याला किंवा दाराला लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा बांधतात, ती प्रथा त्याच धाकातून आली असावी. ज्याला माणसं भितात तो दाराशी राखणीला ठेवायचा. छत्तीसगडमध्ये हरेलीच्या सणाला भेलवा, म्हणजे याच झाडाच्या फांद्या शेतात रोवतात, तिथेही भाव राखणीचाच आहे.

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या झाडाची नावं काजूनं उचलली आहेत. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इकडे आला. 'काजू' हा शब्दही पोर्तुगिजांनी ब्राझीलच्या तुपी भाषेतून घेतलेला. इकडच्या माणसांनी नव्या फळाचं रूप पाहिलं: मांसल बोंड, टोकाला बी, कवचात पोळणारं तेल, आत गोड गर. ओळख लगेच पटली. कोकणीत काजूच्या कोवळ्या गराला 'बिब्बो' म्हणू लागले. कन्नडमध्ये 'गोडंबी' म्हणजे काजूगर, तर मराठीत अजून बिब्ब्याचा गर. युरोपातही तसंच घडलं. तिकडचे औषधविके 'अनाकार्डियम' म्हणत ते बिब्ब्याला, हृदयाच्या आकारावरून. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ साली ते नाव काजूला दिलं, आणि पुढे त्याच्या मुलानं बिब्ब्याचं नामकरण केलं तेव्हा ते जुनं नाव मागच्या बाजूला जोडलं: सेमेकार्पस अनाकार्डियम. रानातून बी वेचणारे आणि वनस्पतींचं वर्गीकरण करणारे एकमेकांना न भेटता एकाच नात्यापाशी पोचले.

म्हणून कारवारकडच्या एखाद्या घरात 'आज बिब्ब्यांची उपकरी केली आहे' असं कानावर आलं तर निश्चिंत जेवायला बसा. ताटात कोवळ्या काजूंची भाजी असेल.