न पिणारं स्टील

भोसरीच्या एका कारखान्यात खरेदीचं काम पाहणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: "आमच्या मराठी माहितीपत्रकात 'फेरिटिक स्टेनलेस स्टील बार स्टॉक' याला 'लोहयुक्त निष्कलंक पोलादी दंडसाठा' असा शब्द योजला आहे. हा बरोबर आहे का? शिवाय आमचे साहेब म्हणतात, ज्याला लोहचुंबक चिकटतं ते स्टील नकली. मग कंसात 'दुय्यम प्रत' असं लिहावं का?"

नाही, आणि मुळीच नाही.

'दंडसाठा' आधी निकालात काढू. इथे स्टॉक म्हणजे साठा नव्हे. ज्यातून तुकडे कापून, लेथवर चढवून सुटे भाग करायचे तो कच्चा माल म्हणजे स्टॉक. माहितीपत्रक आधी यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं असावं, असा माझा दाट संशय आहे. 'बार'चं 'मद्यालय' झालं नाही हे नशीब समजा. बार, सळई, गज, पहार यांतला फरक ज्याने एकदा घर बांधलंय त्याला सांगावा लागत नाही. जाड, भरीव, लांब अशा या मालाला मराठीत 'कांब' हा पुरेसा शब्द आहे. चांदीची कांब असते तशी स्टीलची कांब. (अमरकोशातली 'कम्बि' म्हणजे पळी, कानडीतली 'कंबि' म्हणजे तार किंवा गज. यावर मला बरंच बोलायचं आहे, पण आज नको.)

आता 'लोहयुक्त'. हा शब्द मी गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी वाचला आहे की आता तो दिसला तरी हात लाल पेनाकडे जातो. अहो, लोहयुक्त नाही असं स्टील कुठे असतं? ओल्या पाण्यासारखाच हा प्रकार. 'फेरिटिक'मध्ये लॅटिन 'फेरम' म्हणजे लोखंड आहे हे खरं. पण धातुशास्त्रज्ञ हेन्री हाऊ यांनी 'फेराइट' हे नाव दिलं ते लोखंड या मूलद्रव्याला नव्हे, पोलादात दिसणाऱ्या एका जातीच्या दाण्याला. लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे मांडले गेले की जो दाणा होतो, तो फेराइट. ज्या स्टेनलेसचा दाणा असा असतो ते फेरिटिक. घरातल्या डब्याच्या ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे ८ टक्के निकेल असतं आणि ते निकेल दाण्याची घडण बदलून टाकतं, ते ऑस्टेनिटिक. फेरिटिकमध्ये निकेल जवळजवळ नसतंच, काम क्रोमियमवर भागतं. बाजारात सर्वांत चालणाऱ्या ४३० मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के आणि कार्बन फार तर ०.१२ टक्के. तेव्हा भाषांतर करायचंच तर दाण्याचं करा, लोखंडाचं नको. खरं तर करूच नका. 'फेरिटिक' देवनागरीत सुखाने नांदतो.

'निष्कलंक' बद्दल एवढंच सांगतो की ते विशेषण चारित्र्याला शोभतं, चमच्याला नाही. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लींनी हे स्टील ओतलं तेव्हा ते स्वतः त्याला 'बिनगंजाचं' म्हणत. 'स्टेनलेस' हे नाव तिथल्या सुऱ्या-काटे बनवणाऱ्या एका गृहस्थाने चिकटवलं. म्हणजे स्टील ओतणाऱ्याच्या तोंडचा शब्द टाकून आपण सुऱ्या-काटेवाल्याच्या शब्दाचं संस्कृत करत बसलो आहोत. 'अगंज' बरा, पण विदर्भात गंज म्हणजे पातेलं, त्यामुळे तिकडे 'अगंज गंज' विकायला बसावं लागेल.

साहेबांचं चुंबक. साहेबांना म्हणावं, खिशातलं जुनं एक रुपयाचं नाणं काढा, १९९२ नंतरचं. त्याला चुंबक लावा, टक्कन चिकटेल. सरकारी नोंदीत त्या नाण्याचा धातू 'फेरिटिक स्टेनलेस स्टील' असाच आहे, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. १९८८ पासूनची १० आणि २५ पैशांची नाणीही त्याचीच होती. रिझर्व्ह बँक नकली स्टीलची नाणी चलनात आणते असं साहेबांचं म्हणणं असेल तर त्यांनी ते तिकडे कळवावं.

चुंबक प्रत सांगत नाही, दाणा सांगतं. उलट निकेलऐवजी मँगनीज घालून केलेल्या २०० मालिकेच्या स्वस्त स्टीलला चुंबक चिकटत नाही, म्हणून तेच भांड्यांच्या दुकानात 'अस्सल' म्हणून गळ्यात मारलं जातं. आणि ३०४ ची वाटी दाबून घडवलेली असली तर तिच्या काठाला चुंबक थोडं ओढ घेतं. ती काय काठापुरती नकली? इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला तर चुंबक चिकटणारा थर मुद्दाम लावतात.

इथवर सगळं साधं होतं. आता ज्यासाठी मी हा प्रश्न हातात घेतला ते सांगतो.

आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक लोहार बसतो. एकदा कोयता घेऊन गेलो तर त्याने मान वर न करता विचारलं, "पाजवायचा, का नुसती धार?" मी शहरातून आलेला. म्हटलं, एकच ना ते? त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलो नाही. धार म्हणजे चाकावर धरून घासायचं. पाजवायचं म्हणजे भट्टीत तापवून लाल करायचं, ऐरणीवर ठोकायचं आणि सांडशीने धरून पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज झाला की पातं प्यायलं.

प्यायलं! हाच तो शब्द. पाजवणे म्हणजे धार लावणे असा अर्थ कोशात देऊन मोकळे होणाऱ्यांना या लोहारासमोर दिवसभर बसवायला हवं. त्याहून वाईट म्हणजे 'पाजवणे' आणि 'पाजळणे' एकाच पिंजऱ्यात कोंडून दोघांना संस्कृत 'प्रज्वल्' चं पिल्लू ठरवणारी मंडळी. त्यांचं म्हणणं, धार लावली की पातं चमकतं, दिवा पाजळला की उजेड होतो, म्हणजे मूळ एकच. 'पाजळणे' प्रज्वल् पासून, हे मान्य. त्यातला ळ मुळातल्या ल ची साक्ष देत उभा आहे. मग 'पाजवणे' मधला ळ कुठे गेला? पाण्यात बुडाला? पाजवणे हे सरळ पाजणे याचं पोर आहे. संस्कृत पा म्हणजे पिणे, त्याचं प्रयोजक पाययति, प्राकृतात पज्ज, मराठीत पाज. आई बाळाला पाजते, लोहार कोयता पाजवतो. काही भागांत 'विळा पाजळला' असंही म्हणतात हे मला ठाऊक आहे, कृपया त्याची पत्रं पाठवू नका. दोन शब्द शेजारी राहिले की एकमेकांची भांडी वापरतात, तेवढंच ते.

पुरावा हवा? सुश्रुतसंहिता, सूत्रस्थान, शस्त्रांचा आठवा अध्याय: 'तेषां पायना त्रिविधा क्षारोदकतैलेषु'. शल्यवैद्याच्या शस्त्रांना पाजण्याचे प्रकार तीन: क्षारात, पाण्यात आणि तेलात. क्षार प्यायलेलं शस्त्र बाण, शल्य आणि हाडं कापायला. पाणी प्यायलेलं मांस कापायला, फाडायला. तेल प्यायलेलं शिरा टोचायला आणि स्नायू छेदायला. शब्द पाहा, 'पायना'. शस्त्र घासलं नाही, चमकवलं नाही, पाजलं. आणि कशात बुडवलं यावर गुण ठरतो हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजही उष्णता-प्रक्रिया करणारे पाण्यात विझवायचं की तेलात यावर तासन्‌तास वाद घालतात.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर तलवारीच्या प्रकरणात 'शस्त्रपान' असा शब्दच आहे. लक्ष्मी हवी असेल तर तलवारीला रक्त पाजावं, गुणी पुत्र हवा असेल तर तूप, अक्षय धन हवं असेल तर पाणी. (पाणी सर्वांत स्वस्त आणि धन अक्षय; आमच्या लोहाराने बरोबर निवड केली आहे.) पण माझ्या दृष्टीने वाद मिटवणारी ओळ पुढे आहे. केळीच्या क्षारात ताक घालून, दिवसभर ठेवून, त्यात पाजलेलं आणि मग दगडावर नीट धार दिलेलं लोखंड मोडत नाही, दुसऱ्या लोखंडावर बोथटही होत नाही. आधी पाजणं, मग दगडावर धार. दोन वेगळ्या क्रिया, दोन वेगळे शब्द. म्हणजे आमच्या लोहाराचा प्रश्न वराहमिहिरालाही पडला असता, "पाजवायचा, का नुसती धार?"

आणि आता माझं लाडकं मत, ज्यावर मित्र मला चिडवतात. 'पाणीदार' हा शब्द फारसी 'आबदार' चं भाषांतर आहे, मोत्याच्या तेजावरून आला, असं सर्रास सांगतात. फारसीत 'आब' म्हणजे पाणीही आणि तेजही, हे खरं. आपली 'अब्रू' म्हणजे तरी चेहऱ्यावरचं पाणीच. पण पाणीदार घोडा, पाणीदार माणूस, एखाद्याचं पाणी जोखणं, पाणी दाखवणं यांत मोती कुठे आला? जोखायचं ते पात्याचं पाणी. ते किती प्यायलंय हे घाव घातल्याशिवाय कळत नाही. फारसी इथे यायच्या आधीच सुश्रुताची शस्त्रं तीन प्रकारचं पाणी पिऊन तयार होती. फारसीने फार तर आपल्या पाण्यात थोडी साखर घातली.

तर, फेरिटिक. मूळ प्रश्न तो होता.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या टर्नरकडून ४३० च्या कांबेचा वीतभर तुकडा आणला आणि त्याच लोहाराला दिला. म्हटलं, चाकू करून द्या. त्याने तापवला, ठोकला, पाण्यात घातला. मग कानस फिरवली. कानस लोण्यात फिरावी तशी फिरली. पुन्हा तापवला, पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. तुकडा माझ्या हातात देत म्हणाला, "हे पीत नाही."

धातुशास्त्राच्या पुस्तकात याच गोष्टीला अख्खं पान लागतं. साधं कार्बनचं पोलाद लाल तापवलं की त्याचा दाणा बदलतो, नव्या दाण्यात कार्बन विरघळतो, आणि झटकन विझवलं की तो कार्बन आतच अडकतो. त्यातून कडकपणा येतो. फेरिटिकमध्ये कार्बन नावापुरता आणि क्रोमियम भरपूर, त्यामुळे तापवलं तरी दाणा जवळजवळ तसाच राहतो. अडकवायला काही नाही तर कडकपणा कुठून येणार? चाकूसाठी हवं ते ४२०. तेही स्टेनलेस, त्यालाही चुंबक चिकटतं, पण ते पितं. ब्रिअर्लींचं मूळ स्टील त्याच जातीचं होतं. फेरिटिक कडक करायचं तर थंड स्थितीत ओढून, तेही थोडंच. ब्राइट बार, म्हणजे थंड ओढून चकचकीत केलेली कांब, बनवताना ते आपोआप होतं.

जुन्या मराठीत आणि कोकणीत पोलादाला 'तिखें' म्हणत, संस्कृत तीक्ष्ण पासून, तिखटाचं भावंड. रसशास्त्रात लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यातलं हे मधलं. फारसी 'पोलाद' नको असणाऱ्या शुद्धिवाद्यांना मी हा शब्द आनंदाने देईन. पण फेरिटिकला तिखें म्हणता येणार नाही, कारण न पिणारं ते तिखें कसलं?

म्हणून ते वाईट आहे का? अजिबात नाही. मिठाने ताणाखाली तडकण्याचा जो रोग ३०४ ला जडतो, त्याला हे चांगलं तोंड देतं. तापल्यावर ३०४ पेक्षा कमी प्रसरण पावतं आणि उष्णता जास्त वाहून नेतं. गंधक घातलेलं ४३०एफ लेथवर सुरेख कापलं जातं. सोलेनॉइड व्हॉल्व्हमधला (विजेच्या चुंबकाने उघडझाप होणाऱ्या झडपेतला) तो टिकटिक वर-खाली होणारा दट्ट्या बहुधा त्याचाच, कारण तिथे चुंबक चिकटायलाच हवं. साहेब ज्याला खोट म्हणतात त्याच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं. खरे दोष दुसरीकडे आहेत. वेल्डिंगच्या बाजूला दाणे फुगून ठिसूळ होतात, कडाक्याच्या थंडीत फटकन तुटतं, ४७५ अंशांच्या आसपास फार वेळ ठेवलं तरी ठिसूळ होतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ च्या आधी याच्यावर खड्डे पडतात. रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाला ते सांगून विका.

माहितीपत्रकात 'फेरिटिक स्टेनलेस स्टीलच्या कांबा' लिहा. खाली ४३० की ४३०एफ, गोल की षट्कोनी, गरम लाटलेला काळा माल की ब्राइट, आणि जाडी मिमीमध्ये. दुकानावर बसणाऱ्यांसाठी 'बार' लिहिलं तरी माझी हरकत नाही. कंसातली 'दुय्यम प्रत' मात्र छपाईला जायच्या आत खोडा.