पोलिश लोकांनी ज्यूंना वाचवले की मारले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिलेले पोलिश निर्वासित स्वतःच अत्याचाराचे बळी होते, तर मग पोलंडवर ज्यूद्वेषाचा ठपका का ठेवला जातो, आणि पोलिश लोकांनी ज्यूंना वाचवले की मारले? एका शब्दात उत्तर हवे असेल तर ‘दोन्ही’. पण हा शब्द उच्चारणे पोलंडमध्ये इतके जड का जाते, हे समजून घेतल्याखेरीज त्या उत्तराला फारसा अर्थ राहत नाही.

मी नोकरीनिमित्त पाच वर्षे वॉर्सामध्ये राहिलो. मी कोल्हापूरचा आहे हे कळल्यावर आमच्या इमारतीतील एका वृद्ध बाईंनी मला आग्रहाने घरी बोलावले होते, कारण त्यांच्या नात्यातील एक मुलगी वळिवड्याच्या छावणीत लहानाची मोठी झाली होती. सोव्हिएत सत्तेने सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलून दिलेली आणि इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिली. तो इतिहास त्या बाईंना तपशीलवार पाठ होता. पुढे कधीतरी मी येडवाब्ने गावात १९४१ मध्ये झालेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचा विषय काढला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “ते जर्मनांनी केले,” आणि चहा आणायला उठल्या. त्या खोटे बोलत होत्या असे मला वाटत नाही. त्यांना लहानपणापासून तेच सांगण्यात आले होते.

त्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. युद्धात पोलंडने सुमारे साठ लाख नागरिक गमावले. त्यांतले जवळपास निम्मे ज्यू होते, म्हणजे युद्धापूर्वीच्या तेहतीस लाख पोलिश ज्यूंपैकी सुमारे नव्वद टक्के. ऑश्विट्झ आणि ट्रेब्लिंका या ज्यूंच्या संहाराच्या छावण्या जर्मनांनी व्यापलेल्या भूमीवर उभारल्या आणि जर्मनांनीच चालवल्या, त्यामुळे ‘पोलिश छावण्या’ असा शब्दप्रयोग कोणी केला की पोलिश माणूस संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. ज्यूंना आसरा देणाऱ्याला तिथे मृत्युदंड होता. मार्कोवा गावातील युझेफ उल्मा, त्यांची गरोदर पत्नी विक्तोरिया, त्यांची सहा मुले आणि त्यांच्या घरात लपलेले आठ ज्यू या सर्वांना २४ मार्च १९४४ रोजी जर्मनांनी गोळ्या घातल्या. ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्रायलच्या याद वाशेम या नरसंहार-स्मृती संस्थेने ज्यांचा गौरव केला, त्यांत सात हजारांहून अधिक पोलिश आहेत, आणि ही संख्या इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त आहे. मात्र उल्मा कुटुंबाची खबर बहुधा एका पोलिश पोलिसानेच दिली होती. लपलेल्या ज्यूंना हेरून त्यांच्याकडून पैसे उकळणाऱ्यांसाठी पोलिश भाषेत ‘श्मालत्सोव्हनिक’ असा खास शब्दच रूढ झाला. आसरा देणाऱ्याला जर्मनांइतकीच शेजाऱ्याचीही धास्ती असे, आणि युद्ध संपल्यावरही कित्येकांनी आपण ज्यूंना वाचवले ही गोष्ट गावात लपवूनच ठेवली. मला या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

हा द्वेष जर्मनांनी आणला नव्हता. १२६४ च्या कालिश सनदेने ज्यूंना संरक्षण दिले आणि पुढे कित्येक शतके युरोपात इतरत्र हाकलले गेलेले ज्यू पोलंडमध्ये स्थिरावले, हे खरे आहे. पण ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर ठेवणारी धर्मशिकवण तिथेही होतीच. कोकणातील बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून आपल्याकडे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या सूड उगवायला लावणारी कथा आपल्या समाजात नव्हती, त्यामुळे मराठी वाचकाला या द्वेषाचे मूळ सहज उमगत नाही. विसाव्या शतकात त्याला राष्ट्रवादाची जोड मिळाली. १९२२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष गाब्रिएल नारुतोविच अल्पसंख्याकांच्या मतांच्या साहाय्याने निवडून आले म्हणून त्यांना ‘ज्यूंचा अध्यक्ष’ ठरवण्यात आले, आणि पदग्रहणानंतर अवघ्या पाच दिवसांत त्यांचा खून झाला. १९३७ पासून विद्यापीठांतून ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवण्याची प्रथा अधिकृत झाली. दुकानांवरील बहिष्कार तर त्याआधीपासूनच सुरू होता.

आता येडवाब्नेविषयी. ईशान्य पोलंडमधील हे लहानसे गाव सप्टेंबर १९३९ पासून सोव्हिएत अमलाखाली होते. त्या काळात स्थानिकांची धरपकड झाली, अनेक कुटुंबे सैबेरियात गेली, आणि हे सारे ज्यूंच्या चिथावणीने झाले अशी समजूत पसरली. वास्तविक सोव्हिएतांनी हद्दपार केलेल्यांत ज्यूही पुष्कळ होते. जून १९४१ मध्ये जर्मन आले आणि त्यांनी या रोषाला मोकळी वाट करून दिली. १० जुलै १९४१ रोजी गावातील ज्यूंना चौकात जमवले गेले, त्यांची विटंबना झाली, काहींना तिथेच ठार मारले गेले, आणि उरलेल्यांना, बायका-मुलांसह, एका धान्याच्या कोठारात कोंडून ते कोठार पेटवून देण्यात आले. जर्मनांची फूस होती. पण हे कृत्य गावातील पोलिश रहिवाशांनी, त्याच ज्यूंच्या शेजाऱ्यांनी केले. पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृती संस्थेने चौकशी करून २००२ मध्ये किमान ३४० बळी आणि किमान चाळीस मारेकरी असा निष्कर्ष काढला. मेलेल्यांची घरे आणि चीजवस्तू कोणाच्या वाट्याला गेल्या, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

यातील कोणतीही गोष्ट गुप्त नव्हती. १९४९ मध्ये जवळच्या वोम्झा शहरात खटला चालून काही जणांना शिक्षाही झाल्या होत्या, तरी गावात उभारलेल्या दगडावर मात्र जर्मन पोलिसांचेच नाव कोरले गेले. इतिहासकार यान तोमाश ग्रोस यांचे याविषयीचे पुस्तक २००० साली आले, तेव्हा देशभर वादळ उठले. कोणी बळींच्या आकड्यावर बोट ठेवले, कोणी लेखकाच्या ज्यू मुळाची आठवण करून दिली. १० जुलै २००१ रोजी अध्यक्ष अलेक्सांदेर क्वाश्नेव्हस्की यांनी येडवाब्नेत उभे राहून जाहीर क्षमा मागितली, पण बरेचसे गावकरी त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. समारंभाला साथ देणाऱ्या नगराध्यक्षांनी काही काळातच पद सोडले.

युद्धानंतरच्या गोष्टी तर जर्मनांच्या माथी मारताच येत नाहीत. ४ जुलै १९४६ रोजी कियेल्त्से शहरात, ज्यूंनी एका मुलाला तळघरात कोंडले अशी आवई उठली. ज्या इमारतीबद्दल ही आवई होती, तिला तळघरच नव्हते. जमावाने, आणि त्यात पोलीस व सैनिकही होते, नरसंहारातून वाचून परतलेल्या बेचाळीस ज्यूंचा जीव घेतला. पुढच्या काही महिन्यांत हजारो ज्यूंनी देश सोडला. १९६८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने झायोनिझमविरोधी (म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीविरोधी) मोहिमेच्या नावाखाली उरलेल्यांपैकी तेरा हजारांहून अधिक लोकांना देशत्याग करायला लावला. ज्या प्रवासपत्रावर ते निघाले, त्यावर धारक पोलिश नागरिक नसल्याची नोंद होती.

२०१८ मध्ये नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा मंजूर झाला आणि इस्रायल-अमेरिकेच्या विरोधानंतर त्यातील फौजदारी कलम काही महिन्यांत मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी एका इस्रायली मंत्र्याने ज्यूद्वेष पोलिश माणसाच्या रक्तातच असतो अशा अर्थाचे विधान केले, तेव्हा पोलंडने जेरुसलेममधील बैठकीला जाणेच रद्द केले. असले विधान मला त्या कायद्याइतकेच निरर्थक वाटते, कारण येडवाब्नेचा तपास करणारे सरकारी वकील पोलिश होते, आणि १९८७ मध्ये ज्यूंच्या संहाराविषयीच्या आपल्या समाजाच्या उदासीनतेवर निबंध लिहून सर्वांना अस्वस्थ करणारे समीक्षक यान ब्वोन्स्कीही पोलिशच होते.

मी येडवाब्नेला एकदाच गेलो. जर्मनांचे नाव असलेला जुना दगड २००१ मध्येच काढला गेला आहे. नव्या स्मारकावर हिब्रू, यिडिश आणि पोलिश भाषांत लिहिले आहे, की या ठिकाणी येडवाब्ने व आसपासच्या ज्यू पुरुष, स्त्रिया आणि मुलांची हत्या झाली, त्यांना जिवंत जाळण्यात आले. वाक्य कर्मणी आहे. त्यात कर्त्याचा उल्लेख नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात, स्मारकालगतच्या खासगी जमिनीवर कोणीतरी मोठे दगड आणून ठेवले, आणि त्यांवरील फलकांत कर्ता पुन्हा जर्मनच आहे.