'तटबंदी विवर' की 'बांधविवर'?

प्रश्न (सातारा): मंगळावरच्या 'रॅम्पार्ट क्रेटर'ला वर्गात 'तटबंदी विवर' म्हटलं तर चालेल का? आणि 'पेडेस्टल क्रेटर'ला काय म्हणावं?

उत्तर: 'विवर' ठेवा. 'ज्वालामुख' नको, तो लाव्हा बाहेर पडण्याच्या तोंडाचा शब्द. इथे घाव वरून बसलेला आहे. 'उल्काविवर' रुळलंय, पण 'अशनिविवर' जास्त नेमकं. आकाशात दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी.

अडचण 'तटबंदी'ची आहे. ती ऐकली की मुलं विवराचा काठ म्हणजेच तट असं धरून चालणार. काठ तर चंद्रावरच्या विवरांनाही असतो. रॅम्पार्ट असतो काठापासून दूर, आघाताने उडून पसरलेला राडारोडा जिथे संपतो त्या बाहेरच्या कडेला.

पाटण-जावळीकडची उदाहरणं घ्या. फुफाट्यात धोंडा टाकला की धूळ चहूबाजूंनी बारीक रेघांनी उडते. चंद्रावर टायको विवराभोवती तसेच पट्टे आहेत. चिखलणी केलेल्या खाचरात, घट्ट रेंद्यात टाकला तर चिखल गोळ्यांनी पडून थबकतो. मंगळावर जमिनीत बर्फ आहे. आघाताच्या उष्णतेने तो वितळतो, काहीची वाफ होते, दगडमाती ओली होते आणि सगळा लोट पाकळ्यांच्या आकारात जमिनीलगत वाहतो. पुढची कड थांबते, मागचा लोट तिच्यावर रेटतो, तिथे उंचवटा उरतो. खाचराला असतो तसा बांध! म्हणून माझं मत 'बांधविवर'. (विरळ हवेतल्या भोवऱ्यांनीही अशी कड साचू शकते, असं मानणारेही अभ्यासक आहेत, पण बर्फाचं स्पष्टीकरण जास्त मान्य आहे.)

बर्फाच्या बाजूचा एक पुरावा वर्गात जरूर सांगा. लहान विवरांना हा बांध नसतो. विवराच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्या खोलीवरूनच माल बाहेर फेकला जातो, त्यामुळे लहान घाव बर्फापर्यंत पोचत नाही. विषुववृत्ताजवळ विवर साधारण 4-5 किलोमीटरचं झालं की बांध दिसू लागतो; ध्रुवांकडे बर्फ वर असल्याने 1-2 किलोमीटरलाही.

'पेडेस्टल'ला सरळ 'चौथरा विवर' म्हणा. ते समजवायला पाचगणीचं पठार पुरेसं आहे. वर जांभ्याची टणक टोपी, म्हणून ते टिकलं. भोवतालचं झिजून गेलं. मंगळावर आघाताने विवराभोवतीचा पृष्ठभाग टणक होतो आणि त्याखालचा बर्फाळ थर वाचतो. आजूबाजूचा बर्फ मात्र उडून जातो आणि विवर चौथऱ्यावर बसल्यासारखं उरतं. फरक एवढाच: पाचगणीला झीज पावसापाण्याची, तिथे बर्फाची थेट वाफ होते. त्याला 'संप्लवन' म्हणावं. 'वितळणं' लिहिलं तर चूक होईल.