आईच्या डब्यातल्या नोटा

प्रश्न : आई वारली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं घर आवरताना तांदळाच्या डब्यात दोन हजाराच्या सात आणि जुन्या पाचशेच्या सहा नोटा मिळाल्या. काय करावं?

उत्तर : दोन हजाराच्या नोटा 2023 मध्ये मागे घेतल्या, पण बाद नाहीत. बँक घेणार नाही. पोस्टाने रिझर्व्ह बँकेच्या बेंगळुरू कार्यालयाला पाठवा, रक्कम खात्यात जमा होते. 2016 मध्ये बाद झालेल्या जुन्या पाचशेच्या नोटा मात्र नुसता कागद. अशा बाद नोटा एकूण दहापर्यंत ठेवता येतात, जास्त नाही.

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी पोथ्यांची पानं, साड्यांच्या घड्या, गादीची उसवून पुन्हा घातलेली शिवण बघा. जुनं पासबुक फेकू नका : दहा वर्षं व्यवहार नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, बुडत नाही. अशा ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर आईचं नाव शोधा. वारस दाखवायला वंशावळीचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) काढा, त्यात बहिणींची नावं हवीतच. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, भांडणं तिथंच होतात.