वाईला जा, आणि एक रात्र तरी मुक्काम करा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून आईबाबांना घेऊन दोन दिवस जायचंय, जुनं छोटं गाव हवं, पुस्तकांशी नातं असलेलं आणि डोंगर-नदी जवळ असलेलं. डोळे झाकून वाई. माझं आजोळ आहे म्हणून नाही सांगत, पण लोक सुरूर फाट्याला आत वळतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि लगेच पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठतात, याचं खरंच वाईट वाटतं.

अहो, मराठी विश्वकोश या गावात बसून तयार झालाय! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी लहान वयात प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले ते वाईचेच झाले, आणि एवढ्या मोठ्या कोशाचं काम त्यांनी इथूनच चालवलं. पहिला खंड 1976 चा. आजोबांकडे ते जाडजूड खंड होते, आम्ही काहीही विचारलं की सांगायचे, जा, खंड काढ आणि मोठ्याने वाच. गंगापुरीत विश्वकोशाचं ऑफिस आहे, सरकारी आहे त्यामुळे जायचं तर सुट्टीचा दिवस टाळा.

सकाळी लवकर उठून कृष्णेच्या घाटावर बसा, गर्दी व्हायच्या आत. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी 1762 ला बांधलं, त्याच्या मागच्या बाजूला आईबाबांना नक्की घेऊन जा, भिंत माशासारखी निमुळती केलीये, पुराचं पाणी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून.

मग मेणवली, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि देवळाशी ती मोठी पोर्तुगीज घंटा, 1739 ला वसई जिंकल्यावर आणलेली. नानांचे कागदपत्र म्हणजे मेणवली दफ्तर, ते इथलंच. वेळ उरला तर पुढे धोमला जा, तिथे कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी आहे.

दुसऱ्या दिवशी पाचगणीजवळचं भिलार. 2017 पासून पुस्तकांचं गाव, लोकांच्या घरात कपाटं भरून पुस्तकं, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा, पैसे नाहीत. बाबांना वाचायची आवड असेल तर अर्धा दिवस तिथेच जाईल, दुसरं काही ठरवू नका.

पावसाळ्यात हिरवंगार असतं पण घाटाच्या पायऱ्या फार निसरड्या होतात, वयस्कर माणसं सोबत आहेत तर दिवाळीनंतर जा. हिवाळ्यात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव असतो, एकेका घाटावर आळीपाळीने. तारखा तिथीप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करून विचारा.