रान माजलेल्या परसात भाजी लावायचीय?
सगळा तुकडा एका दमात साफ करायला जाऊ नका. दहा बाय दहा फुटांचा एक कोपरा धरा, बाकीचं गवत फुलोऱ्यावर येण्याआधी नुसतं कापत राहा. गाजरगवत मात्र ओल असताना मुळासकट उपटा, आणि हातमोजे घालूनच. बऱ्याच जणांच्या अंगाला त्याने खाज सुटते. आत शिरताना पायात बूट आणि हातात काठी, हे वेगळं सांगायला नको.

खरी डोकेदुखी लव्हाळा आणि हरळी. इथे रोटाव्हेटर फिरवायचा मोह आवरा. हरळीची काडी तुटली की पेरापेरातून नवी फुटते, आणि लव्हाळ्याच्या गाठी रानभर पसरतात. लव्हाळा ओढलात तर पात हातात येते, गाठ खालीच राहते. कुदळीने वीतभर खणा, ढेकळं फोडा, काळपट गाठी वेचा आणि उन्हात कडक वाळवा. कंपोस्टात अजिबात नको.

एप्रिल-मे हाताशी असेल तर वेचलेली जागा पाण्याने भिजवा, पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा, कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी भाजून निघतं. लव्हाळा त्यालाही पुरून उरतो. कोंब दिसला की काढायचाच.

पावसाच्या तोंडावर शेणखत मिसळा, पण पुरतं कुजलेलं. कच्च्यातून तण परत येतं. पहिल्या हंगामात चवळी, लाल भोपळा असं जमीन झाकणारं लावा. मेथी-कोथिंबीर सध्या बाजारातूनच आणा, कोवळ्या तणातून ती निवडत बसणं म्हणजे शिक्षा आहे.